रसिकांचा पैसा, मधल्यांचे हिशेब

१९९७ साली मॅरिलियन या इंग्लिश रॉक बँडपाशी अमेरिकेच्या दौऱ्यासाठी पैसे नव्हते. ईएमआय या बड्या कंपनीची साथ सुटली होती आणि नव्या कंपनीकडून दौऱ्याला पाठबळ मिळण्याची चिन्हं नव्हती. कीबोर्डवादक मार्क केली यांनी ही अडचण इंटरनेटवर चाहत्यांना सरळ सांगून टाकली. अमेरिकेतल्या चाहत्यांनी मग आपणहून एक खातं उघडलं, वर्गणी काढली आणि सुमारे ६० हजार डॉलर उभे केले. बँडनं मागणी केलीच नव्हती. दौरा पार पडला.

स्वतंत्र संगीतकारांना इंटरनेटवरून मिळालेल्या पाठबळाचा मागोवा इथून सुरू करायला हरकत नाही. त्यानंतरच्या काळात संकेतस्थळं आली, गेली, विकली गेली, बुडाली. रसिकांनी मात्र हात फारसा आखडता घेतला नाही. पैसा अडला तो बहुतेक वेळा मधल्या मुक्कामावर.

मॅरिलियननं या अनुभवातून नेमका धडा घेतला. पुढच्या अल्बमच्या वेळी त्यांनी आपल्याकडे जमलेल्या ईमेल पत्त्यांवर एकच प्रश्न पाठवला : रेकॉर्डिंग होण्याआधीच अल्बमचे पैसे भराल का? आपल्याकडे प्रकाशक प्रकाशनपूर्व सवलतीत ग्रंथाची नोंदणी करतात, तसाच हा व्यवहार. फक्त इथे ग्रंथ अजून लिहायचाच होता. तरीही १२ हजारांहून अधिक लोकांनी आगाऊ पैसे भरले आणि त्यातून २००१ मध्ये ‘अनोरॅक्नोफोबिया’ हा अल्बम तयार झाला. वितरणासाठी पुन्हा ईएमआयशीच करार झाला, पण या खेपेला बँड रिकाम्या हातानं बोलणी करायला बसला नव्हता. त्याचं खरं भांडवल पैशांपेक्षाही ती पत्त्यांची यादी होती.

एका बँडला जमलं ते इतरांनाही जमावं, म्हणून संकेतस्थळं उभी राहू लागली. ब्रायन कॅमेलिओ यांनी सुरू केलेलं आर्टिस्टशेअर २००३ पासून जॅझ संगीतकारांसाठी चाहत्यांकडून पैसे उभे करू लागलं. तिथे चाहता अल्बमबरोबरच तो घडण्याची प्रक्रियाही विकत घेई. स्वरलिपी कशी उतरली, तालमीत काय बदललं, हे त्याला पाहायला मिळे. संगीतकार मारिया श्नायडर यांचा ‘कॉन्सर्ट इन द गार्डन’ हा अल्बम याच वाटेनं निघाला. दुकानात विक्रीला न ठेवता केवळ इंटरनेटवरून विकलेल्या या अल्बमला २००५ मध्ये ग्रॅमी मिळालं. चाहत्यांच्या पैशातून निघालेलं काम दर्जाच्या मोजपट्टीवरही टिकतं, हे त्यानं दाखवलं.

२००६ मध्ये ॲम्स्टरडॅममधून सुरू झालेल्या सेलाबँडनं वेगळी वाट धरली. तिथे चाहता भागधारक होता. दहा डॉलरचा एक, असे पाच हजार भाग विकले गेले की ५० हजार डॉलर जमत, त्यातून अल्बम निघे आणि उत्पन्नातला वाटा भागधारकांना मिळे. नेमेसिया या डच बँडनं हा टप्पा सर्वांत आधी गाठला. पण २०१० मध्ये सेलाबँडचं दिवाळं निघालं. नव्या मालकांनी ते पुन्हा उभं केलं, तरी पुढे संगीतात रुजली ती नफ्याची नव्हे, तर भेटवस्तूची पद्धत : पैसे द्या, त्या बदल्यात सही केलेली सीडी, तबकडी किंवा घरी मैफल घ्या. गाण्यावर पैसे लावणाऱ्याला परतावा हवा असतोच असं नाही. आपल्यामुळे हे गाणं झालं, एवढं समाधान बहुतेकांना पुरतं.

हे किकस्टार्टरनं ओळखलं. २००९ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कहून ते सुरू झालं. संस्थापकांपैकी पेरी चेन यांना ही कल्पना सुचली तीच न्यू ऑर्लिन्समधली एक मैफल पैशांअभावी बारगळल्यावर. नियम सोपा होता : ठरलेली रक्कम मुदतीत जमली तरच पैसे कापायचे, नाही तर कुणाचाही छदाम घ्यायचा नाही. संकेतस्थळाचं कमिशन ५ टक्के.

याच मंचावर २०१२ मध्ये अमांडा पामर यांनी कळस गाठला. कंपनीचा करार सोडून आलेल्या या गायिकेनं एक लाख डॉलर मागितले आणि २४,८८३ जणांनी ११,९२,७९३ डॉलर दिले. भागाकार केला तर माणशी सुमारे ४८ डॉलर पडतात, म्हणजे हा आकडा कुणा धनिकांच्या उदारपणाचा नव्हता. पण त्याच वर्षी दौऱ्यात गावोगावच्या वादकांना मानधनाशिवाय बोलावल्यावरून त्यांच्यावर टीकेची झोड उठली आणि त्यांनी वादकांना मानधन देण्याचं मान्य केलं. चाहत्यांनी पैसे दिले की ते हिशेबही विचारतात, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं.

एका अल्बमपुरती वर्गणी ठीक. पण रोजचा संसार कसा चालवायचा? स्ट्रीमिंगचं युग आलं होतं आणि एका वेळच्या ऐकण्यामागे संगीतकाराला सेंटचा एखादा अंश मिळत होता. पॉम्प्लमूस या जोडीतले संगीतकार जॅक कॉन्टे यांनी एका व्हिडिओच्या नेपथ्यावर सुमारे १० हजार डॉलर खर्च केले. यूट्यूबच्या जाहिरातींतून तो खर्च निघण्यासारखा नव्हता. त्यातून २०१३ मध्ये सॅम याम यांच्यासह त्यांनी पेट्रिऑन सुरू केलं. चाहता दरमहा किंवा दर नव्या कामामागे ठरावीक रक्कम देणार, असा मामला. अनेकांचं घरभाडं त्यातून निघू लागलं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये मात्र पेट्रिऑननं व्यवहाराचं शुल्क चाहत्यांवर टाकायचं ठरवलं. एक डॉलर देणाऱ्याच्या खिशातून १ डॉलर ३८ सेंट जाणार होते. छोटे आश्रयदाते भराभर गळू लागले, तेव्हा कंपनीनं माफी मागून निर्णय मागे घेतला.

सर्वांत मोठा फटका २०१९ मध्ये बसला. लंडनचं प्लेजम्युझिक खास संगीतासाठीच होतं आणि जमलेल्या रकमेतून १५ टक्के घेत होतं. चाहत्यांनी पैसे भरले होते, पण कित्येक संगीतकारांच्या हाती ते पोहोचलेच नाहीत. जुलैअखेर न्यायालयानं कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. काहींनी पदरमोड करून अल्बम काढले, कारण चाहत्यांना दिलेला शब्द त्यांचा होता, कंपनीचा नव्हता.

पुढच्याच वर्षी करोनानं मैफली बंद पाडल्या. संगीतकारांचं संगीत थेट चाहत्यांना विकणाऱ्या बँडकॅम्प या संकेतस्थळानं शुक्रवारी, २० मार्च २०२० ला, एका दिवसापुरतं आपलं कमिशन सोडलं आणि त्या दिवशी ४३ लाख डॉलरची खरेदी झाली. असे शुक्रवार पुढेही होत राहिले. पण २०२२ मध्ये बँडकॅम्प एपिक गेम्स या कंपनीनं घेतलं, २०२३ मध्ये ते साँगट्रेडर या दुसऱ्या कंपनीला विकलं आणि जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. इतक्या विश्वासाचा मंच दीड वर्षात दोनदा मालक बदलतो, तेव्हा त्यावर विसंबलेल्या कलाकाराला कुणी विचारत नाही.

आपल्याकडे मुंबईत विशबेरी या संकेतस्थळानं कलाप्रकल्पांसाठी रसिकांच्या वर्गणीचा हा मार्ग खुला केला. दरमहा पाठबळाची गाडी मात्र २०२१ च्या ऑक्टोबरनंतर अडखळली. रिझर्व्ह बँकेचे आपोआप होणाऱ्या वजावटीबाबतचे नवे नियम लागू झाले आणि परदेशी संकेतस्थळांची वर्गणी भारतीय कार्डांवरून अडू लागली. नियम ग्राहकाच्या सुरक्षेसाठी होते, पण ठेच स्वतंत्र कलाकारालाही लागली. दुसरीकडे २०१६ पासून आलेल्या यूपीआयनं पन्नास-शंभर रुपये थेट पाठवणं सोपं केलं. कराराच्या भानगडीत न पडता रसिकानं कलाकाराला बिदागी देण्याचा हा आज सर्वांत कमी काटछाटीचा मार्ग आहे.

या साऱ्या काळाचा ताळेबंद मांडला तर रसिकांच्या बाजूला फारशी बाकी दिसत नाही. मॅरिलियनला १९९७ साली एकही संकेतस्थळ मदतीला नव्हतं, तरी पैसे जमले; प्लेजम्युझिकपाशी सगळी यंत्रणा होती, तरी पैसे बुडाले. म्हणून मंच कोणताही वापरा, आपल्या ऐकणाऱ्यांची यादी आपल्याच हाती ठेवा, हे संगीतकारांना सांगणं. आणि ऐकणाऱ्यांना एवढंच, की आवडलेल्या गायकाचं पुढचं काम कुठे आगाऊ विकत घेता येतं, ते आजच त्यालाच विचारा.