गॅसची गोळी किडनीला वाचवत नाही

गुडघे झिजले की वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवली जाते: डायक्लोफिनॅक किंवा असिक्लोफिनॅक, सोबत पँटोप्रॅझोल. ती लिहिली गेली तेव्हा वय ५५ असतं आणि बीपी नसतं. पुढे वय ६८ होतं, बीपीच्या दोन गोळ्या सुरू होतात, दुखण्याची गोळी मात्र तीच राहते. माझ्या मते सगळ्यात मोठा धोका या जुन्या चिठ्ठीत आहे.

‘सोबत गॅसची गोळी घेतो, मग काय होणार?’ हा समज सगळ्यात घट्ट बसलेला. दुखणं आणि सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं शरीरात तयार होतात. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं ती तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं; डायक्लोफिनॅकही तसंच काम करतं. पण हीच द्रव्यं जठराचं अस्तर जपतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही टिकवून धरतात. पँटोप्रॅझोल जठरातलं आम्ल कमी करतं, त्यामुळे जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या अल्सरचा धोका खरोखर कमी होतो. उतारवयात ही गॅसची गोळी सोबत असायलाच हवी. पुढच्या आतड्याला, मूत्रपिंडाला आणि हृदयाला तिचं संरक्षण नाही.

गोळीऐवजी इंजेक्शन घेतलं म्हणून पोट वाचत नाही. औषध रक्तावाटे अस्तरापर्यंत पोचतंच. जेवून घेतल्याने मळमळ, जळजळ कमी होते, अल्सर टळेलच असं नाही. पोटात एकदाही न दुखता अल्सरमधून रक्तस्राव होऊ शकतो. डांबरासारखी काळी, चिकट शी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मूत्रपिंडाचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं आहे. धडधाकट तरुणाला चार दिवसांच्या गोळीने सहसा फरक पडत नाही. वय झालं, मधुमेह किंवा हृदयाचा आजार असला, अंगातलं पाणी कमी झालं, की मूत्रपिंड रक्तपुरवठ्यासाठी याच द्रव्यांवर विसंबून राहतं. बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल, जोडीला लघवी वाढवणारी गोळी आणि वर पेनकिलर, ही तिघांची गाठ फार वाईट. विदर्भातल्या मे महिन्यात, किंवा जुलाब-उलट्या सुरू असताना, या तिकडीने मूत्रपिंड काही दिवसांत बंद पडू शकतं. अशा दिवशी पेनकिलर थांबवावी आणि बीपीच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारावं. ‘लघवी व्यवस्थित होते, म्हणजे किडनी ठणठणीत’ हेही खरं नाही. बिघाड बराच पुढे जाईपर्यंत काहीही जाणवत नाही. तो कळतो रक्तातल्या क्रिएटिनिनच्या तपासणीत. शिवाय या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि बीपी वाढवतात. मग बीपी आवरत नाही म्हणून तिसरी गोळी वाढते, आणि पेनकिलरबद्दल कुणी विचारतच नाही.

‘नवी गोळी पोटाला सोसते, म्हणजे सुरक्षित’ या समजाची मोठी किंमत जगाने मोजली आहे. रोफेकॉक्सिब १९९९ मध्ये पोटाला कमी त्रास देणारं औषध म्हणून बाजारात आलं. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असं दिसल्यावर ३० सप्टेंबर २००४ रोजी कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. आज सर्रास मिळणारं इटोरिकॉक्सिब त्याच गटातलं. डायक्लोफिनॅकही धुतल्या तांदळासारखं नाही: हृदयविकार झालेल्यांना ते देऊ नये, असं युरोपातल्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये बजावलं.

इतकं वाचून कुणी उद्यापासून सगळं बंद करेल, याची मला तितकीच काळजी वाटते. ‘पेनकिलर म्हणजे किडनी गेलीच’ हाही गैरसमजच. डायक्लोफिनॅक दिलेली जनावरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन, किडनी निकामी होऊन भारतातली गिधाडं संपत आली, हे खरं आहे. म्हणूनच २००६ मध्ये ते जनावरांसाठी बंद झालं. पण माणसाचं शरीर ते लवकर बाहेर टाकतं. रक्तातली मात्रा साधारण दोन तासांत निम्मी होते. दुखणं सोसत बसण्यालाही दुष्परिणाम आहेत. चालणं थांबतं, मांडीचे स्नायू सुकतात, झोप उडते, वजन आणि साखर वाढते. शेवटी माणूस ‘साइड इफेक्ट नसलेल्या’ जडीबुटीच्या पुडीकडे वळतो. अशा पुड्यांमध्ये लपवलेलं स्टेरॉइड आणि डायक्लोफिनॅकही सापडलेलं आहे.

मधले मार्ग आहेत. गुडघ्यावर डायक्लोफिनॅकचं जेल लावलं तर गोळीच्या मानाने सुमारे ६ टक्केच औषध रक्तात उतरतं, आणि गुडघेदुखीत त्याचा चांगला उपयोग होतो. रोजच्याऐवजी फक्त दुखेल त्या दिवशी, कमीत कमी मात्रेत गोळी घेता येते का, हे डॉक्टरांना विचारावं. रोज घ्यावीच लागत असेल तर बीपी, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन ठरावीक काळाने तपासून घ्यावं. दुखण्यावर दिलं जाणारं ट्रॅमाडॉल मात्र वेगळ्या जातीचं: त्याची सवय लागते, आणि बरेच दिवस घेतलं असेल तर ते एकाएकी सोडता येत नाही.

तपासणीला जाताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्यावीत, तापाच्या गोळ्यांसकट. असिक्लोफिनॅकच्या पुष्कळ गोळ्यांत तापाच्या गोळीतलंच पॅरासिटामॉल, ३२५ मिलिग्रॅम, आधीच मिसळलेलं असतं.