महाडचें दफ्तर कोणीं जपावयाचें?

चवदार तळ्याचा दावा शेवटीं कोणत्या मुद्द्यावर निकालांत निघाला, हें आमच्या किती वाचकांस ठाऊक असेल? 20 मार्च 1927 रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों अनुयायांसह त्या तळ्याचें पाणी प्याले, हें सर्वश्रुत आहे. पुढें 12 डिसेंबर 1927 रोजीं महाडच्या कांहीं स्पृश्य गृहस्थांनीं दिवाणी न्यायालयांत दावा लावला. तळें खाजगी मालकीचें आहे व अस्पृश्यांस तेथें मज्जाव करण्याची रूढि अनादि आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. महाडचा निकाल 1931 सालीं लागला, ठाण्याचा 1933 सालीं. आणि मुंबई उच्च न्यायालयानें 17 मार्च 1937 रोजीं वादींचें अपील फेटाळलें. तळें नगरपालिकेचें ठरलें. रूढि अनादि असल्याचें वादींस शाबीत करतां आलें नाहीं. माणसानें पाणी प्यावें कीं नाहीं हा प्रश्न अशा रीतीनें पुराव्यावर येऊन ठेपला. तो तसा ठेपावा ही गोष्ट लाजिरवाणी होती. परंतु ठेपला खरा.

उच्च न्यायालयाचा निर्णय कायद्याच्या ग्रंथांत छापलेला आहे. त्याची चिंता नाहीं. पण निर्णय म्हणजे खटला नव्हे. त्याच्या तळाशीं कैफियती असतात, साक्षी असतात, नगरपालिकेचे ठराव असतात. आणि परिषदेकडे पाहूं गेल्यास हस्तपत्रकें, वर्गणीचे हिशेब, गांवोगांव धाडलेलीं पत्रें असतात. न्यायालयांतील कागद मुदत संपली म्हणजे नियमानेंच नष्ट केले जातात. घरांतील कागदांस तर वाळवी पुरे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. महाडपासून कांहीं कोसांवर, लोणेरे येथें, 1989 सालीं स्थापन झालेलें तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे व त्यास डॉ. आंबेडकरांचें नांव आहे. महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांचें ऐतिहासिक दफ्तर जपण्याची जबाबदारी त्या विद्यापीठानें आपल्या शिरावर घ्यावी. यंत्रें व रसायनें शिकविणाऱ्यांस जुन्या कागदांशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, या प्रांतांत कागदाचा पहिला शत्रु पाणी आहे, आणि त्याच्याशीं झगडण्याची विद्या तंत्रशास्त्राचीच आहे.

22 जुलै 2021 ची रात्र महाडकर विसरलेले नाहींत. सावित्रीचें पाणी बाजारपेठेंत शिरलें. त्याच दिवशीं तळिये येथें दरड कोसळून 80 हून अधिक माणसें गेलीं. पोलादपूर तालुक्यांतही दरडींनीं बळी घेतले. 2005 च्या जुलैंत जुई व दासगांव येथें हेंच घडलें होतें. जेथें माणसांचे जीव जातात तेथें कागदांची विचारपूस कोण करणार? तें योग्यही आहे. परंतु पाणी ओसरल्यावर चिखलाबरोबर जें रस्त्यावर लोटलें गेलें, त्यांत काय काय होतें याची नोंद कोणापाशीं आहे?

भिजलेला कागद दोन दिवसांत बुरशी धरतो. 4 नोव्हेंबर 1966 रोजीं इटलींत फ्लॉरेन्स शहरीं आर्नो नदी ग्रंथालयांत घुसली, तेव्हां जगभरचे तरुण चिखलांतून पुस्तकें काढावयास धांवले. आणि भिजलेल्या ग्रंथांच्या उपचाराचें शास्त्र त्या आपत्तींतून पुष्कळ पुढें गेलें. ओला कागद लागलीच गोठवून ठेवला तर बुरशी थांबते, व पुढें सवडीनें तो वाळवितां येतो. आमच्या किनाऱ्यावर मासळीसाठीं बर्फाचे कारखाने व शीतगृहें आहेत. त्यांच्याशीं पावसाळ्यापूर्वींच करार करून ठेवण्यास फार मोठी विद्वत्ता लागत नाहीं, दूरदृष्टि मात्र लागते.

कागद टिकला तर काय होतें, याचें उदाहरण पोलादपुरांतच आहे. कवींद्र परमानंदाची समाधि तेथें आहे. पण त्याचें 'शिवभारत' दूर तंजावरच्या ग्रंथसंग्रहांत राहिलें, म्हणून सदाशिव महादेव दिवेकर यांस तें 1927 सालीं प्रसिद्ध करतां आलें. कवि आमचा, माती आमची, आणि पोथी राखली तंजावरनें!

दफ्तर म्हटलें कीं इनामदारांचे रुमाल, अशी आमच्या संशोधकांची एक जुनी खोड आहे. लोणेऱ्याचें दफ्तर तसें होतां कामा नये. महारवाड्यांतील जलशाच्या गाण्यांची वही, गिरणींत राबणाऱ्या मुलानें मुंबईहून धाडलेलें पत्र, सभेचें पिवळें पडलेलें छायाचित्र, यांस सनदेइतकाच मान हवा. दासगांवचे रामचंद्र बाबाजी मोरे महाडच्या परिषदेचे एक मुख्य संघटक. त्यांच्या आठवणी पुत्रानें छापल्या म्हणून आज वाचावयास मिळतात. ज्यांचे पुत्र छापूं शकले नाहींत, त्यांचें काय? अशा वृद्धांच्या मुलांनातवंडांकडून ऐकीव हकीकतीही ध्वनिमुद्रित कराव्या.

लोक कागद देत नाहींत, ही तक्रार खरी आहे, आणि तिचें कारणही खरें आहे. जमिनीचा वाद निघेल ही धास्ती असते. नेलेला रुमाल परत येत नाहीं हा अनुभव असतो. यास उपाय एकच. कागदाची घरींच प्रतिमा घ्यावी, मूळ मालकापाशींच ठेवावें. कोणी आपखुशीनें मूळ दिलें तर सही-शिक्क्याची पावती द्यावी, व ज्या घरचा कागद त्या घरच्याच नांवानें, आला त्याच क्रमानें ठेवावा. खोली पुराच्या रेषेहून उंच मजल्यावर असावी, वर गळकें छप्पर नसावें, आणि प्रतिमांची एक प्रत या खोऱ्याबाहेर राहावी. सगळ्यांत महत्त्वाचें म्हणजे एक शिकलेला दफ्तरदार कायम पगारावर नेमावा. उद्घाटनाच्या फिती कापण्यास पैसा निघतो. दफ्तरदाराच्या पगाराचें नांव काढतांच अंदाजपत्रक आंखडतें, हें आम्ही अनेक संस्थांत पाहिलें आहे.

20 मार्च 2027 ही सत्याग्रहाची शंभरावी तिथि. त्या दिवशीं भाषणें होतीलच. विद्यापीठाच्या चालकांनीं त्याअगोदर अंदाजपत्रकांत दफ्तरदाराची जागा मंजूर करावी. आणि महाड-पोलादपूरच्या ज्या घरीं जुनी पेटी असेल त्या घरच्यांनीं तोंवर इतकेंच करावें कीं, ती जमिनीवरून उचलून माळ्यावर ठेवावी, आणि आंतल्या कागदांस प्लास्टिकचा चिकट लेप मुळींच देऊं नये.