रिकामी बाकी म्हणजे शून्य बाकी नव्हे : डेटाबेसमधला 'नल' आकड्यात कसा बदलायचा

मागच्या व्हिडिओत डेटाबेसमधली बाकी पायथनमध्ये आकडा म्हणून कशी घ्यायची ते पाहिलं. 'नल'चा भाग मात्र घाईत झाला. तो इथे नीट लिहितो, कारण याच एका गोष्टीनं माझ्या स्वतःच्या दुकानात घोळ घातला होता.

आपलं कामठीत हार्डवेअरचं दुकान आहे. उधारीच्या वहीतली खाती मी एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये चढवली. ज्यांचा हिशेब चुकता, त्यांच्या बाकीत 0 लिहिलं. ज्यांची जुनी वही अजून जुळवायची होती, त्यांचा रकाना रिकामा सोडला. मग सगळ्यांना बाकीचा मेसेज पाठवायचा छोटा प्रोग्राम लिहिला. पहिल्याच रिकाम्या खात्यावर तो अडला आणि 'टाइप एरर' आला. मी काय केलं? 'बाकी ऑर 0' असं लिहून मोकळा झालो. एरर गेला, मेसेजही गेले.

दुसऱ्या दिवशी कन्हानचे एक काकाजी मोबाईल घेऊन दुकानात आले. "अरे भाऊ, तू तर माझी बाकी शून्य दाखवून राहिला. पाइपाचे पैसे द्यायचेच आहेत ना माझे!" काकाजी सरळ माणूस, म्हणून सांगायला आले. बाकी दोघा-तिघांकडे मागायला गेलो तर त्यांनी माझाच मेसेज माझ्यापुढे धरला. काय बोलणार?

चूक नेमकी कुठे झाली?

0 हे उत्तर आहे : हिशेब पाहिला, काही येणं नाही. नल म्हणजे उत्तरच नाही : हिशेब अजून पाहिलेलाच नाही. डेटाबेस हा फरक पाळतो. नलमध्ये 500 मिळवले तरी उत्तर नलच येतं. समजा तीन खाती आहेत : 600, 300 आणि एक रिकामं. डेटाबेस सरासरी 450 सांगेल, कारण रिकामं खातं तो धरतच नाही. रिकाम्या जागी 0 टाका, सरासरी थेट 300 वर येते.

पायथनमध्ये हा नल 'नन' होऊन येतो. ननला 'इंट' लावलं की टाइप एरर येतो. म्हणजे पायथन अंदाज बांधायला नकार देतो. तो एरर मला वाचवत होता आणि मीच त्याचं तोंड बंद केलं. सगळ्या भाषा इतक्या कडक नसतात. जावास्क्रिप्टमध्ये नलला 'नंबर' लावलं तर गुपचूप 0 मिळतो. सी शार्पमध्ये साध्या नलला 'कन्व्हर्ट'नं पूर्णांक केलं तर 0 येतो, पण डेटाबेसकडून आलेल्या 'डीबीनल'ला तेच केलं तर एरर येतो.

मग करायचं काय?

1. प्रत्येक रकान्याचं वेगळं ठरवा. डिस्काउंट रिकामा म्हणजे दिलाच नाही, असा तुमच्या दुकानाचा नियम असेल तर तिथे 0 चालेल. एसक्यूएलमध्ये त्यासाठी 'कोअलेस' आहे. बाकीच्या रकान्यात तो वापरू नका.

2. आधी 'इज नन' तपासा, मगच 'इंट' लावा. नुसतं 'इफ बाकी' लिहू नका. तिथे पायथन 0 आणि नन दोघांनाही एकाच पारड्यात टाकतो.

3. रिकामा मजकूर आणि नल वेगळे आहेत. एक्सेलमधून सीएसव्ही फाइल करून ती एसक्यूलाइटमध्ये चढवली, की रिकाम्या खान्यात बऱ्याचदा नलऐवजी रिकामा मजकूर बसतो. त्यावर 'कास्ट' करून पूर्णांक मागितला तर एसक्यूलाइट 0 देतो. म्हणून आधी 'ट्रिम' आणि 'नलइफ' लावून त्याचा नल करा.

4. पिनकोड आणि मोबाईल नंबरची बेरीज कोणी करत नाही. ते मजकूर म्हणूनच ठेवा. नाहीतर पांडाज लायब्ररीत एखादा खाना रिकामा असला, की पूर्ण रकाना दशांशात जातो आणि आपल्या कामठीचा 441001 हा 441001.0 होऊन लिफाफ्यावर छापला जातो.

5. रिकामी खाती शोधताना 'बरोबर नल' लिहिलं तर एकही ओळ सापडत नाही. 'इज नल' लिहा.

आता माझा प्रोग्राम नल असलेल्या खात्यांना मेसेज पाठवतच नाही. त्यांची वेगळी यादी काढतो. रात्री दुकान बंद करायच्या आधी मी ती यादी आणि जुनी वही घेऊन बसतो, रोज चार-पाच खाती जुळवतो. काकाजींचं खातं सगळ्यात आधी जुळवलं.

तुम्हीही आज एक काम करा : तुमच्या ग्राहकांच्या टेबलमध्ये कोणत्या रकान्यात किती नल आहेत ते मोजा. प्रत्येक रकान्यापुढे कागदावर लिहा, 'इथे रिकामं म्हणजे काय?' ज्याचं उत्तर तुम्हालाच देता येत नाही, त्याचं रूपांतर कोडवर सोडू नका. पुढच्या व्हिडिओत तारखांचे रिकामे रकाने घेऊ.