नक्कल अडली की गाठ अडते

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्यात बायकांमधला गर्भाशयमुखाचा कर्करोग ठळकपणे दिसला. हा रोग गर्भाशयमुखाच्या आसपास बराच पसरलेला असेल, तर किरणोपचार आणि सिस्प्लॅटिन हे औषध बहुधा एकत्र देतात. पेशी दुभंगण्याआधी आपल्या डीएनएची नक्कल काढते. किरण डीएनएचे दोन्ही धागे तोडतात. सिस्प्लॅटिन डीएनएतल्या ग्वानिन या घटकाला चिकटून नक्कल अडवते, शिवाय तुटलेले धागे सांधूही देत नाही. खरी ताकद या जोडीतच आहे. मात्र अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशीही झपाट्याने दुभंगतात. त्यांनाही झळ बसते आणि रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. म्हणून उपचार चालू असताना ताप आला, तर घरीच गोळी घेऊन थांबू नका. लगेच रुग्णालय गाठा.