आवडत्या नटाच्या मागावर

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना किंचित हसू येईल, हे मी जाणून आहे. जन्मभर प्राथमिक शाळेत पाढे आणि शुद्धलेखन शिकविलेला मनुष्य, त्यात राहणारा गुरुकुंज मोझरीचा, आणि बोलावयास बसला तो चित्रपटातील नटामागे धावणाऱ्या लोकांवर! परंतु ज्या गोष्टीची झळ मनुष्यास स्वतः लागलेली असते तिच्याविषयी बोलण्याचा त्यास थोडाबहुत अधिकार असावा. मी त्या धावणाऱ्यांपैकी एक होतो. माझा नट म्हणजे कृष्णा ऊर्फ दादा कोंडके.

ही आवड म्हणजे सिनेमाने लावलेले नवे वेड आहे, असा एक समज आहे. तो खरा नाही. आपल्या महाराष्ट्रात हे वेड रंगभूमीने लावले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. त्यात बालगंधर्व भामिनी होते आणि केशवराव भोसले धैर्यधर. त्या एका रात्रीसाठी परगावाहून माणसे आली, आणि दोन्ही नटांचे पक्षपाती आपापल्या दैवताचा जय व्हावा म्हणून जीव मुठीत धरून बसले होते. त्याच्याही दहा वर्षे आधी, १२ मार्च १९११ रोजी, 'मानापमान'चा पहिलाच प्रयोग होता. त्या दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. तरी त्यांनी प्रयोग केला. ही हकीकत मी पुष्कळदा मनाशी घोळवली आहे. पहिल्या खेळास आलेल्या प्रेक्षकाचे नटावर किती ओझे असते, हे तीवरून समजते. प्रेक्षक मात्र ते ओझे टाकून हसतखेळत घरी जातो.

पुढे बोलपट आला. १९३६ साली प्रभातचा 'संत तुकाराम' मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि ५७ आठवडे चालला. विष्णुपंत पागनीस रस्त्याने जाऊ लागले म्हणजे लोक त्यांच्या पाया पडत, असे वडील मंडळी सांगत. म्हणजे नट आणि त्याने घेतलेले सोंग यांतील रेघ पुसली जाते ती अशी. नटास पाहावयास जाणे ह्याला आपण 'दर्शन' हा शब्द किती सहज वापरतो, ह्याचाही विचार करावा. दाक्षिणात्यांकडे नटाच्या उंच प्रतिमेस दुधाचा अभिषेक होतो तो ऐकून आपण नाके मुरडतो. पण आपल्याही शब्दकोशात तोच भाव दडलेला आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांना एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे. त्यांच्याकडे शुभारंभाचा खेळ म्हणजे ठरलेला शुक्रवार, दारावर झेंडूच्या माळा आणि मोटारीतून उतरणारी नटमंडळी. आमच्या वऱ्हाडात शुभारंभ कधी होईल हे पंचांगही सांगू शकत नसे. ह्याचे कारण अगदी व्यावहारिक होते. चित्रपट म्हणजे चौदा-पंधरा रिळे. ती पत्र्याच्या डब्यांत, डबे पेटीत, आणि अशी एक पेटी तयार करावयास निर्मात्यास बराच पैसा मोजावा लागे. मराठी चित्रपटाच्या अशा प्रती थोड्याच निघत. त्या प्रथम मुंबई, पुणे, कोल्हापूर येथे चालावयाच्या, तेथील गर्दी ओसरली म्हणजे पुढच्या जिल्ह्यांत जावयाच्या. आमच्यापर्यंत पेटी पोहोचेतो रिळांवर पावसाच्या सरींसारख्या उभ्या रेघा पडलेल्या असत. नायिका रडू लागली की तिच्या अश्रूंबरोबर हाही पाऊस पडे.

आमच्या मुलखाचे चित्रपट-व्यवसायातील नावही मौजेचे आहे. 'सी. पी. बेरार' हा प्रांत १९५० साली नकाशावरून गेला, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, तरी वितरकांच्या बोलण्यात आमचा मुलूख 'सी. पी. बेरार'च राहिला. ह्या प्रदेशाच्या वितरकांच्या कचेऱ्या अमरावतीस होत्या. अमरावती शहर चित्रपटांत इतके मुरलेले की तेथील चौकांना राजकमल, चित्रा, प्रभात, श्याम अशी चित्रपटगृहांची नावे पडली. पत्ता विचारणाऱ्यास उत्तर मिळे ते चित्रपटगृहाच्या नावाने.

मोझरी ही अमरावतीहून नागपूरच्या रस्त्यावर सुमारे ३५ किलोमीटर. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम स्थापिला. सायंकाळी सामुदायिक प्रार्थना हा आमच्या गावाचा नित्यक्रम. आता पाहा, सहाचा खेळ गाठावा तर प्रार्थना चुकते, आणि खेळ संपल्यावर शेवटची एस. टी.ही निघून गेलेली असते. म्हणून आम्ही दुपारचा खेळ धरीत असू. तो नाहीच मिळाला तर रात्री नागपूरकडे जाणाऱ्या संत्र्यांच्या ट्रकमध्ये, पेट्यांच्या वर बसून, परत यावयाचे. अंगाला येणाऱ्या संत्र्याच्या वासावरून घरी बरोबर कळे, की स्वारी कोठे गेली होती.

दादांचा पहिला चित्रपट मी पाहिला तो मात्र अमरावतीस नव्हे, तर कौंडण्यपूरच्या कार्तिकातील यात्रेत, तंबूमध्ये. तो 'सोंगाड्या'. हा चित्रपट १९७१ चा. मी पाहिला तेव्हा चौदा वर्षांचा होतो, म्हणजे १९७३ साल असावे. पडद्याच्या पलीकडच्या बाजूस बसणारांस तिकीट थोडे कमी, पण तेथून नट डावखुरे दिसत. ढगळ अर्धी विजार, तिचा लोंबणारा नाडा, आणि जगाचे काहीच कळत नाही असा चेहरा. आमच्या गावात असा एक तरी पोरगा होताच, ज्याला सारे भोळसट म्हणून हसत. पडद्यावर तोच भोळसट शेवटी सर्वांवर मात करीत होता. मला वाटते, माझ्यासारख्या हजारो खेडवळ पोरांस दादांनी जिंकले ते येथे. देखणे नट पुष्कळ होते. त्यांच्यासारखे व्हावे असे वाटे. दादांच्याकडे पाहून मात्र वाटे, की हा तर आपणच आहे.

त्यांची हकीकत पुढे वाचून समजली. १९३२ साली मुंबईच्या नायगावात जन्म, सेवादलाच्या कलापथकातील उमेदवारी, वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य आणि त्याचे दीड हजारांहून अधिक प्रयोग, मग १९६९ साली भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'त काम. 'सोंगाड्या'स दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात जागा मिळावी म्हणून शिवसेनेस उभे राहावे लागले, ही गोष्ट तर सर्वश्रुत आहे. मराठी चित्रपटास मराठी शहरात पडदा मिळविण्यासाठी झगडावे लागले, ह्याचे आम्हा वऱ्हाडच्या पोरांना नवल वाटले नाही. आम्ही तर नेहमीच उरलेल्या दिवसांचे धनी होतो.

चाहत्याचे खरे काम कोणते, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, की मोजणे. एका चित्रपटगृहात २५ आठवडे सलग चालला की रौप्यमहोत्सव, ५० आठवड्यांनी सुवर्णमहोत्सव. आमच्याकडे कोणताही मराठी चित्रपट इतका टिकणे दुरापास्त; म्हणून आम्ही परक्या गावचे आठवडे मोजीत असू. शुक्रवारचे वर्तमानपत्र वाचनालयात आले की जाहिरातीच्या कोपऱ्यातील 'आठवडा १९ वा' एवढा मजकूर पाहावयाचा आणि भूगोलाच्या वहीच्या मागील पानावर टिपावयाचा. 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा', 'पांडू हवालदार', 'तुमचं आमचं जमलं', 'राम राम गंगाराम' अशी रांगच लागली. दादांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले आणि ह्या विक्रमाची नोंद गिनेसच्या पुस्तकात झाली. त्या नवांपैकी बहुतेकांचे आठवडे माझ्या वहीत होते. ज्या पुण्यातील चित्रपटगृहांची दारेही मी पाहिली नव्हती, त्यांच्या पंचविसाव्या आठवड्यास मी मोझरीत गूळ-फुटाणे वाटले आहेत.

ह्या मोजण्यातून एकदा फजितीही झाली. मी मॅट्रिक होऊन अध्यापनाचे शिक्षण घेत होतो तेव्हाची गोष्ट. अमरावतीच्या एका चित्रपटगृहात दादांचा खेळ लागावयाचा होता आणि 'स्वतः दादा येणार' अशी आवई उठली. ही आवई कशी जन्मास येते हे सांगण्यासारखे आहे. भोंगा लावून फिरणाऱ्या रिक्षावाल्याने 'दादा येत आहेत हो, दादा येत आहेत' असा पुकारा केला होता. त्याला म्हणावयाचे होते ते चित्रपटाविषयी. ऐकणाराने ऐकले ते माणसाविषयी. पहिल्याने दुसऱ्यास सांगितले, दुसऱ्याने त्यात गाडीची वेळ घातली, तिसऱ्याने उतरण्याचे ठिकाण. सकाळी नऊपासून आम्ही तीन-चारशे माणसे दारात उभी. दुपारी गिला वडा खाल्ला, फल्लीदाणे खाल्ले, तिकीट काळ्या बाजारात दुप्पट दामाने घेतले. प्रत्येक पांढऱ्या मोटारीबरोबर गर्दी पुढे सरके आणि तीतून कोणी व्यापारी उतरला की मागे येई. अखेर व्यवस्थापकाने बाहेर येऊन हात जोडून सांगितले, की असे कोणी कळविलेलेच नाही. लोक चिडतील असे मला वाटले होते. पण कोणीतरी मोठ्याने हसला, आणि सारी गर्दी हसू लागली. दादांच्याच एखाद्या चित्रपटात शोभावा असा तो प्रसंग होता. त्यानंतर सारे आत गेले आणि पडद्यावर दादा प्रथम दिसताच चिल्लर उधळली गेली. सांगावयास लाज वाटते, पण तीत माझ्या एस. टी.चे पैसेही होते.

१९७९ साली मी शिक्षक झालो आणि येथून गोष्ट अवघड होत गेली. दादांच्या विनोदात दोन अर्थ असत. एक अर्थ निरागस, दुसरा चावट; आणि चित्रपट-परीक्षण मंडळाने बोट ठेवले की ते निरागस अर्थ पुढे करीत. पोरवयात मला दोन्ही अर्थांची गंमत वाटे. शिक्षक झाल्यावर तिकिटाच्या रांगेत उभे राहावयाचे म्हणजे डोक्यावर उपरणे ओढून घेणे आले. १९८२ साली 'आली अंगावर' लागला तेव्हा मी असाच उभा असता मागून आवाज आला, "काहून जी गुर्जी, तुमी बी?" पाहतो तो माझ्याच वर्गातील एका मुलाचा बाप. मी पांढराफटक पडलो. तो मात्र खुशीत होता. त्याने माझे तिकीट काढले, माझ्या शेजारी बसून पोट धरून हसला, आणि गावी जाऊन सर्वांस सांगितले.

त्या वेळी मी ज्या शाळेत होतो तेथील वरिष्ठांनी मला बोलावून घेतले. आवाज चढविला नाही. एवढेच म्हणाले, की मुलांनी ह्यातील एखाद्या वाक्याचा अर्थ विचारला तर आपण काय सांगाल? मला उत्तर सुचले नाही. कित्येक दिवस मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होतो. तमाशात, लावणीत, गौळणीत चावटपणा नाही काय? लग्नातल्या बायकांच्या उखाण्यांत नाही काय? हा प्रतिवाद मला आजही अगदीच खोटा वाटत नाही. आमच्या लोककलेतील द्वयर्थ दादांनी पडद्यावर आणला, आणि तो आणण्यास लागणारी शब्दांची जाण थोर होती. भाषा शिकविणाऱ्यास ती कळते.

परंतु घरी वेगळेच उत्तर मिळाले. मी एकदा पत्नीस हौसेने खेळास नेले. परत येताना ती गप्प होती. मी कारण विचारले तेव्हा म्हणाली, "तुम्ही सारे हसत होतात, तेव्हा मागचे पुरुष आमच्या ओळीकडे बघून हसत होते. पडद्याकडे नाही." इतकी वर्षे मी पडद्याकडेच पाहत आलो होतो, अंधारात बसलेल्या बायकांकडे पाहण्याचे माझ्या ध्यानातच आले नव्हते. त्यानंतर मी दादांचे चित्रपट पाहिले नाहीत असे नाही. पाहिले. पण पूर्वीप्रमाणे मोकळेपणाने हसता आले नाही, आणि वहीत आठवडे मोजणे हळूहळू बंद पडले.

१४ मार्च १९९८ रोजी दादा कोंडके गेले. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना तोच, १९८२ सालचा, पालक रस्त्यात भेटला. आता म्हातारा झाला होता. काही न बोलता आम्ही पारावर बसलो. मग त्याने 'सोंगाड्या'तील दादांच्या चालण्याची नक्कल केली, बसल्या जागी, नुसती खांद्यांनी. मला हसू आवरेना. त्यालाही. समोरून जाणारी मुले थबकून पाहू लागली.

अलीकडे चित्रपट पेटीतून येत नाही. २९ एप्रिल २०१६ रोजी 'सैराट' निघाला तेव्हा आमच्याकडच्या पोरांनी तो मुंबईच्या पोरांबरोबर, त्याच शुक्रवारी पाहिला. रिळेच नाहीत, तेव्हा रेघाही नाहीत. नट आता खेळाच्या आधीच गावोगाव जाहिरातीस येतात आणि पोरे त्यांच्याबरोबर फोनमध्ये छायाचित्र काढून घेतात. माझा नातू मला विचारतो, "आजोबा, तुम्ही दादा कोंडक्यांना पाहिलं होतं का?" मी त्याला त्या पांढऱ्या मोटारींची गोष्ट सांगतो. तो म्हणतो, "म्हणजे पाहिलं नाहीच ना!" मग मी कपाटातील भूगोलाची वही काढतो.