तळ्यातला ट्राउट

पकडायचे म्हणूनच पाण्यात सोडलेले मासे पकडण्यात कसला आला पराक्रम, असे मला पूर्वी वाटत असे. माझे बालपण कोकणात गेले. पऱ्ह्याच्या काठी गरी टाकून बसायचे आणि दिवेलागणीला बहुधा रिकाम्या हातांनी घरी परतायचे, एवढीच मासेमारीची विद्या मला अवगत होती. परंतु एकदा मे महिन्यात माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन कुलूच्या खोऱ्यात गेलो असता माझे हे मत मला पुष्कळच बदलावे लागले.

मे महिन्यात बियास नदी बर्फ वितळल्याने गढूळ आणि वेगवान झालेली असते. तिच्या काठावर लहान मूल नेणे हा अविचारच ठरेल. म्हणून आम्ही एका शेतकऱ्याच्या तळ्यावर गेलो. डोंगरातून येणाऱ्या ओहोळाचे पाणी पाटाने, तिकडच्या भाषेत कूहलाने, त्या तळ्यात एका बाजूने शिरत होते आणि दुसऱ्या बाजूने जाळीतून गाळून बाहेर पडत होते. पाणी वाहते का ठेवायचे आणि जाळी कशासाठी, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत ट्राउटपालनाचे निम्मे शास्त्र सामावलेले आहे.

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. पाणी जितके थंड, तितका त्यात प्राणवायू अधिक विरघळतो. समुद्रसपाटीला १० अंश उष्णतेच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो; २५ अंशांच्या पाण्यात तो ८ मिलिग्रॅमच्या आसपास येतो. पाणी २० अंशांच्या वर गेले की ट्राउटचे अन्नावरचे मन उडते आणि २५ अंशांच्या सुमारास त्याच्या जिवावरच बेतते. आपल्या सह्याद्रीतील ओढ्यांत तो का नाही, याचे उत्तर यातच आहे.

जाळीचे कारण निराळे. हा मासा मूळचा येथला नव्हे. तपकिरी ट्राउट युरोपातला. तळ्यांत बहुधा पाळतात तो इंद्रधनुषी ट्राउट पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्याकडील नद्यांतला. १८९९ मध्ये काश्मीरसाठी पाठविलेली तपकिरी ट्राउटची अंडी वाटेतच नासली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली जगली. तेथून १९०९ मध्ये हा मासा कुलूत आला. शिकारी वृत्तीचा पाहुणा नदीत मोकाट सुटला, तर मूळच्या रहिवाशांच्या पिलांवर ताव मारतो. म्हणून शहाणा शेतकरी दाराला जाळी लावतो.

तळ्याच्या म्हाताऱ्या मालकाने मुलीला प्रथम पिलांचे हौद दाखविले. हिवाळ्यात मादीच्या पोटावर हलका दाब देऊन अंडी काढतात, त्यांत नराचे रेत मिसळतात आणि ती अंडी वाहत्या पाण्यातील ताटल्यांत ठेवतात. १० अंशांच्या पाण्यात इंद्रधनुषी ट्राउटचे पिलू सुमारे महिन्याने बाहेर पडते. पोटाशी असलेल्या बलकाच्या पिशवीवर ते आणखी दोनतीन आठवडे काढते. ताटात वाढण्याजोगा मासा होण्यास त्यानंतर वर्ष-दीड वर्ष लागते.

मग गळ. मालकाने पकडीने गळाचा उलटा काटा चेपून टाकला, म्हणजे मुलाच्या बोटात रुतला तरी सहज निघावा. पाण्यावर सावली पडू देऊ नये आणि काठावर पाय आपटू नये, हेही त्याने सांगितले. कारण माशाच्या अंगावरील रेषेला पाण्यातला सूक्ष्म कंपही कळतो. शेवटी तळ्याचा नियम: पकडलेला मासा परत सोडायचा नाही, तोलून विकत घ्यायचा. झुंजीने थकलेला मासा पुष्कळदा मागाहून मरतो आणि जखमी माशामुळे इतरांत रोग शिरतो. मुलीने मान डोलावली.

पाऊण तास काही घडले नाही. मग बुचाचा तुकडा एकाएकी बुडाला. मुलगी ओरडली, काठी वाकली, आणि थोड्या वेळाने दांड्याच्या जाळीत एक मासा तडफडू लागला. त्याच्या कुशीवरून गुलाबी पट्टा गेलेला होता. मुलीचा चेहरा क्षणात उतरला.

"बाबा, याला सोडू या ना."

"नियम तुला सांगितला होता ना, बाळ?"

"तेव्हा मी मासा पाहिला नव्हता."

या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी आशेने मालकाकडे पाहिले. त्याने मात्र नियम मोडला नाही. हात पाण्यात भिजवून त्याने मासा धरला आणि डोक्यावर एकच नेमका आघात केला. मग तो हिंदीत मुलीला म्हणाला, "बेटी, जो खातो त्याने हे एकदा पाहावे. आणि ज्याला पाहवत नाही, त्याने पुढचा गळ टाकू नये. दोन्हींत लाज नाही."

मुलीने काठी गुंडाळून ठेवली. मीही आग्रह केला नाही. परतताना तिने विचारले, "तो इथे पकडण्यासाठीच वाढवला होता?" मी 'होय' म्हणालो. पकडणारे नसते तर हे तळे नसते आणि तो मासाही जन्मला नसता, हेही सांगितले. तिने थोडा विचार करून म्हटले, "पण हे त्याला कुणी विचारलं नाही." हाटेलातील थाळीत येणाऱ्या माशाविषयी हा प्रश्न तिला कधीच पडला नव्हता, खरे सांगायचे तर मलाही नाही.

आपल्यापैकी कोणी मुलांना अशा तळ्यावर नेणार असेल, तर माझे एवढेच सांगणे आहे: वेळ सकाळची निवडावी, मुलाचा हात धरता येईल इतक्या अंतरावर उभे राहावे, आणि मासा लागल्यावर काय करायचे ते गळ टाकण्यापूर्वीच मोकळेपणाने बोलावे. एवढे करूनही मूल मन बदलू शकते. त्यासाठी त्याला रागावू नये.

त्या रात्री मुलीने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तीच मला उठवू लागली. तिला पुन्हा तळ्यावर जायचे होते. गळ टाकायला नव्हे, पिलांना खाणे घालायला.