अंगमेहनतीचें मोजमाप : थोड्या खर्चांतील एक युक्ति

बैलावर ओझें किती लादावें याचा विचार आपण नेहमीं करतों. परंतु वसमत-औंढ्याकडील हळदीच्या मळ्यांत दिवसभर वांकून खुरपणार्‍या माणसाच्या कमरेवर किती ताण पडतो, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. तें अजमावण्याची एक स्वस्त युक्ति आतां उपलब्ध झाली आहे; तिची माहिती येथें देतों.

सन १८८३ च्या सुमारास फ्रान्समध्यें मारे नांवाच्या शास्त्रज्ञानें, काळा पोशाख घातलेल्या माणसाच्या हातापायांवर पांढर्‍या पट्ट्या लावून त्याच्या चालण्याचीं छायाचित्रें घेतलीं. पुढें अंगावर चकाकत्या गोळ्या चिकटवून अनेक कॅमेर्‍यांनीं हेंच काम प्रयोगशाळेंत होऊं लागलें. मात्र त्यास लाखों रुपये लागतात, आणि ती सामग्री मळ्यांत नेणें कठीण.

नव्या पद्धतींत गोळ्या लागत नाहींत. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'ओपनकॅप' योजनेंत दोन आयफोन तिपाईंवर वेगवेगळ्या कोनांतून ठेवतात. आरंभीं चौकटींचा छापील तक्ता दाखवून त्यांचें स्थान निश्चित करतात. पुष्कळ चित्रांवरून शिकविलेला संगणक खांदा, कंबर, गुडघा ओळखतो. एकच बिंदु दोन ठिकाणांहून दिसला म्हणजे, जमीनमोजणींत दोन खुणांवरून तिसरी काढावी तसें, त्याचें स्थान निघतें. मग हाडें व स्नायू यांच्या गणिती प्रतिकृतीकडून तीच हालचाल करवून सांध्यांवरील भार अजमावितात.

ह्या युक्तीस मर्यादाही आहेत. प्रयोगशाळेच्या तुलनेनें सांध्यांच्या कोनांत सरासरी सुमारें ४.५ अंशांचा फरक आढळला; आणि तो पडताळा चालणें, खुर्चींतून उठणें, बैठका अशा हालचालींचा होता, खुरपणीचा नव्हे. पानांआड पाय झांकले, किंवा लुगड्याच्या घोळांत गुडघा दडला, तर अंदाज चुकतो. डोक्यावरील पाटीचें वजन कॅमेर्‍यास कळत नाहीं. तें तोलून गणितांत घालावें लागतें.

तरीही तुलनेसाठीं ही युक्ति उपयोगी पडण्याजोगी आहे. लांब दांड्याच्या अवजारानें कंबर सुटते, पण खांदा भरून येतो कीं काय, हें एकाच माणसाकडून दोन्हीं अवजारें चालवून पाहतां येईल. परभणीच्या कृषि विद्यापीठांत शेतकरी स्त्रियांचे कष्ट कमी करणार्‍या अवजारांवर काम होत आलें आहे. सभासदांनीं नवें अवजार घेण्यापूर्वीं तेथें अशा चांचणीची मागणी करावी, आणि तें चालविणार्‍या बायामाणसांस कोठें दुखतें हेंही विचारावें.